वऱ्हाडांतील वाफेच्या आगगाडीची अखेर व तिचीं साधनें

सनदा, महजर, ताम्रपट व पोथ्या यांविषयींचे लेख वाचावयास सरावलेल्या या त्रैमासिकाच्या वाचकांस आगगाडीच्या इंजिनाविषयींचा लेख पाहून किंचित् आश्चर्य वाटेल. ज्या वस्तूचा जन्म इंग्रजी अमलांत झाला व जिचा शेवट आपल्यापैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिला, ती वस्तु इतिहाससंशोधनाच्या कक्षेंत येते काय, अशी शंका कोणीही घेईल. त्या शंकेस उत्तर देण्यापूर्वीं एक लहानशी हकीकत सांगणें अवश्य आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं मी रद्दीच्या दुकानांत जुनीं पुस्तकें चाळीत बसलों होतों. त्या वेळीं मी तेथील शाळेंत संस्कृत शिकवीत असें, व दुकानदार माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांपैकीं असल्यामुळें कांहीं पोथीसारखें आलें कीं तो निरोप धाडी. त्या दिवशीं पोथी मुळींच नव्हती. तागडीशेजारीं एक लांबोडी, जाड पुठ्ठ्याची वही पडली होती. तिच्या पहिल्या निम्म्या पानांच्या पुड्या होऊन गेल्या होत्या व पुठ्ठ्यावरील नांवाचा कागदही निघून गेला होता. उरलेल्या पानांवर हिंदी व इंग्रजी मथळ्यांचे छापील रकाने असून ते हातानें भरलेले होते : गाडीचा क्रमांक, पुढील स्टेशनापर्यंत मार्ग मोकळा आहे काय हें विचारल्याची वेळ, होकार मिळाल्याची वेळ, गाडी सुटल्याची व पोंचल्याची वेळ, आणि दोन्ही स्टेशनमास्तरांनीं परस्परांस सांगितलेला खुणेचा गुप्त अंक. शेवटचा रकाना शेऱ्यांचा. वजनाच्या भावानें ती वही मीं घेतली.

घरीं येऊन पाहतों तों वही कोणत्या स्टेशनाची व कोणत्या सालची, यांपैकीं कांहींच वहींत नाहीं. एका बाजूस कारंजा व दुसऱ्या बाजूस दारव्हा हीं नांवें वारंवार येत असल्यामुळें तें त्या दोहोंमधील एखादें स्टेशन असावें, इतकें ठरलें. साल मात्र ठरेना. पानांवर केवळ दिवस व महिना. शेवटीं शेऱ्यांच्या रकान्यांत २६ ऑगस्टच्या ओळीसमोर ‘पोळा’ असा एकच मराठी शब्द सांपडला. पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या. ती तिथि २६ ऑगस्ट रोजीं १९४६, १९६५ व १९८४ या सालीं येते. एकोणीस वर्षांच्या फेऱ्यानें तिथि व इंग्रजी तारीख पुन्हां जुळतात, हें तिथिनिर्णय करणाऱ्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मथळे हिंदींत छापलेले असल्यामुळें १९४६ बाद झालें. सर्व नोंदी बॉलपेननें केलेल्या आहेत, आणि १९६५ सालीं आडवळणाच्या स्टेशनांत टाक-दौतच चालत असणार, म्हणून तेंही सोडावें लागलें. राहिलें १९८४.

म्हणजे कागद जेमतेम वीस वर्षांपूर्वींचा. ज्यानें लिहिला तो मनुष्य कदाचित् हयात. त्याच रुळांवरून गाडी तोंवर धांवत होती. आणि त्या कागदाचें साल ठरविण्यासाठीं मला एखाद्या शिवकालीन पत्रास लावावें तसें पंचांग लावावें लागलें! हा विषय येथें कां आणिला, याचें उत्तर यांत आलें असें मी समजतों.

ही आगगाडी म्हणजे वऱ्हाडांत ‘शकुंतला’ या नांवानें ओळखली गेलेली गाडी होय. मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या मोठ्या मार्गावरील मूर्तिजापूर हें तिचें मध्यस्थान. तेथून एक फांटा कारंजा व दारव्हा यांवरून यवतमाळास जाई, त्याची लांबी ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर व अंजनगांव यांवरून अचलपुरास जाई, त्याची लांबी ७६ किलोमीटर. पुलगांव ते आर्वी हा सुमारें ३५ किलोमीटरांचा निराळा तुकडाही त्याच कंपनीचा. या सर्वांच्या रुळांमधील अंतर अडीच फूट.

या मार्गावरील गांवांचीं नांवें आमच्या वाचकांस अपरिचित नाहींत. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. अंजनगांवीं ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशीं तह झाला. आणि कारंजा तर पोथीसंग्राहकांचें तीर्थच. तेथील जैन भांडारांतील संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश हस्तलिखितांची दखल रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडांतील हस्तलिखितांच्या सूचींत घेतली, व पुढें कारंजा ग्रंथमालेंतून तेथील कित्येक अपभ्रंश काव्यें छापून आलीं. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत मी सुटीच्या दिवशीं कारंज्यास जात असें तो याच गाडीनें, आणि गाडी तेव्हां वाफेची होती. खिडकीजवळ बसल्यास कोळशाचे कण डोळ्यांत जात. म्हणून वही-पोथी धोतराच्या सोग्यांत गुंडाळून बसावें लागे. ज्या गांवच्या पोथ्यांची सूचि करावयास विद्वान् सरसावले, त्या गांवाच्या आगगाडीच्या कागदांची सूचि करावी असें मात्र कोणासही, मला धरून, वाटलें नाहीं.

मार्ग कापसासाठीं झाला. यवतमाळ व अचलपूर या दोन्ही बाजूंच्या काळ्या जमिनींतला कापूस मूर्तिजापुरास आणावयाचा, तेथें हमालांकरवीं मोठ्या रुळांवरील वाघिणींत चढवावयाचा, आणि मुंबई बंदरांतून मँचेस्टरच्या गिरण्यांस पोंचवावयाचा, ही योजना. मुंबईच्या किलिक निक्सन पेढीनें त्याकरितां सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली व १९१३ सालीं सरकाराशीं करार झाला. (नांव मध्यप्रांताचें, पण मुख्य मार्ग सगळा वऱ्हाडांतला, हें कंपनीच्या कागदांचा शोध घेणारानें ध्यानांत ठेवावें, नाहीं तर भलत्याच जिल्ह्याचें दप्तर उलगडीत बसण्याची पाळी यावयाची.) करारान्वयें रूळ कंपनीचे व गाड्या चालविण्याचें काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचें. ती रेल्वे १९५१ सालीं मध्य रेल्वेंत विलीन झाली, तरी कंपनीचा रूळ कंपनीकडेच राहिला व सरकार तिला वापराचा मोबदला देत राहिलें. त्यावरून ‘ही गाडी अद्यापि इंग्रजांच्या मालकीची’ असें वृत्तपत्रांतून पुष्कळदां छापून आलें. तें बरोबर नाहीं. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय हातीं आली होती.

अडीच फुटी रूळ कां घातले, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें आपल्याकडेच बार्शी येथें १८९७ सालीं असा मार्ग सुरू करून हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल व वारकरी नेतां येतात हें सिद्ध केलें होतें. युक्ति अशी कीं इंजिनाचें व डब्यांचें वजन थोडें थोडें करून अधिक चाकांवर वांटावयाचें. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल स्वस्तांत होतात, व डोंगर-नाल्यांतून वळणें घेतां येतात. ज्या भागांत मोठ्या रुळांचा खर्च कधींच भरून यावयाचा नाहीं, तेथें हाच उपाय. परंतु याच युक्तीनें त्या मार्गाचें भवितव्यही बांधून टाकिलें. हलक्या पुलांवर अवजड इंजिन चढवितां येत नाहीं. म्हणून देशांत इतरत्र नवीं इंजिनें आलीं तरी अशा मार्गावर जुनींच फिरत राहतात.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. या गाडीच्या वाफेच्या काळाविषयीं जी माहिती सर्वत्र मिळते, तिचें स्वरूप बखरीचें आहे. ती अशी : मँचेस्टर येथें १९२१ सालीं घडविलेलें ‘झेडडी’ नांवाचें इंजिन १९२३ सालीं या मार्गावर आलें, त्यानें एकट्यानें सत्तर वर्षें गाडी ओढली, आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन लागलें. मजकूर ऐकावयास गोड आहे, व बखरींत असतो तसा त्यांत सत्याचा अंशही आहे. मीं स्वतः १९९५ सालीं आमच्या शाळेच्या वार्षिकांत हाच मजकूर विद्यार्थ्यांसाठीं जसाच्या तसा लिहून दिला होता.

तो अंक वाचून एक वृद्ध गृहस्थ मला भेटावयास आले. त्यांनीं या मार्गावर फायरमनचें काम केलें होतें. ओसरीवर बसून, चहा अर्धा झाल्यावर, ते संकोचानें म्हणाले, “गुरुजी, थे झेडडी हे काई नाव नोहे. थे तं आडनाव हाय. नाव म्हंजे त्याचा नंबर.” आणि थोड्या वेळानें, “एकट्या इंजिनानं एवढी लाइन कशी चालन?”

चाळीस वर्षें मुलांस सामान्यनाम व विशेषनाम यांतील भेद शिकविणाऱ्या मनुष्यास याहून मोठी शिक्षा नाहीं. म्हातारबुवांचें म्हणणें तपासून पाहतां तें सर्वथैव योग्य ठरतें. आपल्या रेल्वेच्या परिभाषेंत वाफेच्या इंजिनाच्या वर्गनामाचें पहिलें अक्षर रुळांची रुंदी सांगतें : मोठ्या रुळांस ‘डब्ल्यू’, मीटर रुळांस ‘वाय’, अडीच फुटी रुळांस ‘झेड’, दोन फुटी रुळांस ‘एन’. दुसरें अक्षर इंजिनाचा प्रकार सांगतें. तेव्हां ‘झेडडी’ हें जातीचें नांव झालें, व्यक्तीचें नव्हे. दुसरें असें कीं मार्ग १९२३ पूर्वींच चालू होता; तोंवर गाड्या कोणीतरी ओढीत असलेंच पाहिजे. तिसरें, मूर्तिजापुराहून दोन दिशांस दोन फांटे, मिळून १८९ किलोमीटर. आणि चवथें, जें बखरकारांस ठाऊक नसतें व फायरमनास असतें, तें असें कीं वाफेचें इंजिन रोज चालूंच शकत नाहीं.

याचा थोडा उलगडा केला पाहिजे, कारण वाफेच्या गाड्या कां संपल्या हेंही त्यांतच आहे. थंड इंजिन पेटवून त्यांत गाडी ओढण्याइतकी वाफ धरावयास कित्येक तास लागतात. म्हणजे सकाळच्या गाडीसाठीं शेडमधील मनुष्यास मध्यरात्रींच उठावें लागे. वाटेंत ठिकठिकाणीं पाणी भरावयाचें. मुक्कामास राख व जळलेल्या कोळशाच्या गठ्ठ्या काढावयाच्या. पाण्यांतील क्षार उकळून बॉयलरांत पुटें धरतात, तीं न काढल्यास नळ्या जळतात. म्हणून ठराविक दिवसांनीं इंजिन थंड करून, बॉयलर उघडून धुवावा लागतो, व तो दिवस इंजिन शेडमध्यें उभें असतें. शिवाय कांहीं वर्षांनीं तें कारखान्यांत पाठवून समूळ खोलावें लागतें. तेवढ्या अवधींत दुसरें इंजिन हाताशीं नसेल तर गाडी बंद. तेव्हां ‘एकच इंजिन सत्तर वर्षें’ ही गोष्ट ‘एकाच बैलानें सत्तर वर्षें मोट ओढिली’ या गोष्टीसारखीच समजावी.

याच बखरींतील दुसरें एक वाक्य असें, कीं या मार्गावरील सिग्नलांवर ‘लिव्हरपूल १८९५’ असा ठसा आहे, सबब मार्ग तितका जुना. ठसा खोटा म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु कंपनीच जर १९१० नंतर कामास लागली, तर १८९५ चा ठसा ओतकामाचें साल सांगेल, मार्गाचें नव्हे. एखाद्या मशिदीच्या भिंतींत यादवकालीन शिलालेखाचा दगड बसविलेला असला तर आपण मशीद यादवकालीन म्हणत नाहीं. शिलालेखाच्या बाबतींत जी सावधगिरी आपण मुलांसही शिकवितों, ती लोखंडाच्या बाबतींत आपल्याला सुचत नाहीं, याचें मला नवल वाटतें. इंजिनावरील पितळी पाटीचीही तीच गोष्ट. १९२१ हें कारखान्यांतील साल, १९२३ हें कामावर रुजू झाल्याचें.

वाफ येथें इतकी वर्षें टिकली ती लोकांच्या प्रेमामुळें नव्हे. प्रेम होतें, यांत शंका नाहीं. परंतु इंजिन टिकतें तें हिशेबावर. इंजिनाची किंमत पूर्वींच फिटलेली, कोळसा देशांतला, मजूर स्वस्त, बारीकसारीक भाग शेडमध्येंच ठोकून घेतां येत. उलटपक्षीं रूळ एकाचा व गाडी दुसऱ्याची, या व्यवस्थेमुळें नवा पैसा घालण्याची हौस दोघांपैकीं कोणासही नव्हती, असें माझें मत आहे. हिशेबाचें हें तत्त्व किती दूरवर खरें आहे याचें उदाहरण चीन देशांत मिळतें. तेथील आंतर मंगोलियाच्या ओसाड मुलुखांतून जीनिंग ते तोंगल्याओ असा सुमारें साडेनऊशें किलोमीटरांचा मार्ग १९९५ सालीं नव्यानें सुरू झाला, आणि तो वाफेच्या इंजिनांवर! दातोंगच्या कारखान्यानें मोठ्या मार्गावरचीं तसलीं इंजिनें घडविणें १९८८ सालींच थांबविलें होतें. परंतु सरकारी रेल्वेनें टाकलेलीं इंजिनें स्वस्तांत मिळाली व कोळसा जवळच होता, एवढ्यावर निर्णय झाला. जिंगपेंगच्या घाटांत त्या गाड्या पाहावयास युरोपांतून मंडळी जात. डिसेंबर १९०५ नव्हे, २००५ मध्यें तो प्रयोग संपला. शतकाची चूक हातून होतां होतां राहिली, ती मुद्दामच खोडली नाहीं. या विषयांत ती किती सहज होते हें दिसावें.

आणि अखेर येते तीही मार्गावर येत नाहीं. ती दूर कोठेंतरी कारखान्यांत ठरते. चित्तरंजनच्या कारखान्यानें १९५० पासून २,३५१ वाफेचीं इंजिनें घडविलीं. त्यांतील मोठ्या रुळांवरचें शेवटचें, ‘अंतिम सितारा’ नांवाचें, १९७० सालीं बाहेर पडलें व १९७२ सालीं तें कामच बंद झालें. नवीं इंजिनें थांबलीं कीं सुटे भाग थांबतात. सुटे भाग थांबले कीं दुरुस्तीचे कारखाने वाफेचीं इंजिनें घेईनासे होतात. मग ज्या इंजिनाचा मोठ्या दुरुस्तीचा काळ भरला तें शेडच्या मागील रुळांवर जाऊन उभें राहतें, व त्याचें सामान काढून दुसरें चालवितात. असें करीत करीत शेवटीं एक दिवस उरलेलें एकही चालत नाहीं. यावरून ‘एकच इंजिन’ या दंतकथेचा उगमही कळण्यासारखा आहे : अखेरच्या दिवसांत लोकांनीं रोज एकच इंजिन पाहिलें असावें, व तेंच आरंभापासून होतें असें मनानें धरलें असावें. देशांतील मोठ्या रुळांवरची नित्याची वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्यें पंजाबांत संपली. म्हणजे आडवळणाचें वऱ्हाड त्यापूर्वीं दीड-दोन वर्षेंच बदललें. आपण समजतों तितकें तें मागें नव्हतें. दार्जिलिंग व निलगिरी येथें वाफेचीं इंजिनें पुढेंही राहिलीं, पण तीं डोंगर व प्रवासी यांच्या सोयीनें व कौतुकानें. पोटासाठीं राबणाऱ्या इंजिनाची गोष्ट निराळी.

१५ एप्रिल १९९४, शुक्रवार. शके १९१६, चैत्र शुद्ध पक्ष. त्या दिवशीं मी शाळेंत परीक्षेचे पेपर तपाशीत होतों. स्टेशन शाळेपासून अर्ध्या कोसावर. दुसरी कसली तरी शिटी ऐकूं आली व एक मुलगा खिडकींतून म्हणाला, “सर, आजची गाडी भोंगा वाजवते.” मीं त्याला गप्प बसविलें. एवढीच माझी साक्ष. तीस वर्षें या गाडीशेजारीं राहून, तिनें प्रवास करून, अखेरच्या दिवसाचा माझ्याजवळ एक कागद नाहीं, एक तिकीट नाहीं.

डिझेल आल्यानें केवळ इंजिन गेलें असें समजूं नये. त्याच्याबरोबर मध्यरात्रीं इंजिन पेटविणारा गेला, पाण्याच्या टाक्यांवरचा मनुष्य गेला, कोळशाचा हिशेब ठेवणारा कारकून गेला. आणि कारकून गेला म्हणजे वही गेली. पुढें पुढें तर स्टेशनांवरील नोकरही काढून घेतले गेले व गार्डच उतरून तिकिटें देऊं लागला. स्टेशनांच्या खोल्या ओस पडल्या, त्यांतील कपाटें कोणी उघडलीं व त्यांतला कागद कोठें गेला, याचें उत्तर माझ्या हातीं आलेल्या अर्ध्या वहीनें दिलेंच आहे. २०२० च्या आंतच दोन्ही फांट्यांवरील गाड्या समूळ थांबल्या. रुळांची रुंदी वाढविण्याची घोषणा त्यापूर्वींच, २०१६ सालीं, झालेली आहे. आणि रुंदी वाढली म्हणजे उरलेसुरले अवशेषही निघणार.

कालिदासाच्या शकुंतलेची मुद्रिका हरवली आणि तिच्याबरोबर तिची ओळखही हरवली. ती एका कोळ्याच्या हातीं सांपडली म्हणून नाटक पुढें सरकतें. आमच्या शकुंतलेची मुद्रिका रद्दीवाल्याच्या तागडींत आहे.

तेव्हां संग्राहकांनीं काय पाहावें? पितळी पाट्या, कंदील, घंटा यांस गिऱ्हाईक आहे. त्या नाहींशा होणार नाहींत, फार तर मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांत जातील. चिंता कागदांची आहे. सर्वांत महत्त्वाची बॉयलरची नोंदवही. तींत त्या त्या इंजिनाचा क्रमांक, धुण्याच्या व तपासणीच्या तारखा असतात, आणि अशी एक वही जरी हातीं आली तरी इंजिनें किती होतीं हा वाद एका बैठकींत मिटेल. त्या खालोखाल कामकाजाचें वेळापत्रक. प्रवाशांस विकतात तें नव्हे. ड्रायव्हर व गार्ड यांस देतात तें, ज्यांत कोणत्या पुलावर किती वेग, कोठें पाणी, कोणती गाडी कोठें थांबून कोणत्या गाडीस वाट देते, हें सर्व असतें. गार्डची रोजनिशी, कोळशाचा जमाखर्च, कापसाच्या गांठींच्या पावत्या. पावत्यांवर पाठविणाराचें व घेणाराचें नांव असल्यामुळें वऱ्हाडांतील कापसाच्या व्यापाराचा इतिहास लिहिणारास त्या बाजारपेठेच्या दप्तराइतक्याच मोलाच्या आहेत. पुठ्ठ्याचीं लहान तिकिटें पुष्कळांनीं मुलांच्या खेळण्यांत टाकून दिलीं आहेत. त्यांवर क्रमांक व छापलेलें भाडें असतें, आणि दाबून उमटविलेली तारीख बोटानेंही कळते.

रेल्वेच्या कचेऱ्यांत असे कागद ठराविक मुदतीनंतर निकालांत काढण्याचा नियम आहे, व तो गैर आहे असें मी म्हणत नाहीं. सगळेंच ठेवावयाचें तर इमारती पुरणार नाहींत. परंतु एका कचेरींत मीं या मार्गाच्या जुन्या वह्यांविषयीं विचारपूस केली असतां तेथील गृहस्थांनीं मला फार आदरानें बसविलें, चहा दिला, आणि विचारिलें कीं यांत कांहीं कोर्टाचें प्रकरण आहे काय? कोर्टाशिवाय दुसऱ्या कशासाठीं जुना कागद लागतो, ही कल्पनाच त्यांस नव्हती. राजवाड्यांच्या काळीं पेशवाईचे रुमाल जपून बसलेल्या घरंदाज मंडळींची जी समजूत होती, तिच्यांत व हिच्यांत मला फारसें अंतर दिसलें नाहीं. म्हणून शोध कचेरीपेक्षां घरांत घ्यावा. निवृत्त स्टेशनमास्तर, गार्ड, ड्रायव्हर यांच्या माळ्यावर, पेटींत, देवघराच्या फळीवर. पुष्कळांनीं आपल्या नोकरीची शेवटची वही ‘आठवण’ म्हणून घरीं आणलेली असते, आणि मुलें घर बांधावयास काढतात तेव्हां ती बाहेर पडते.

माझे फायरमन आतां नाहींत. त्यांच्या घरीं मी दोनदां गेलों. पहिल्या वेळीं त्यांनीं मला फावड्याची मूठ दाखविली. हाताची जागा झिजून खोल गेली होती. दुसऱ्या वेळीं, त्यांच्या पश्चात्, मुलगा म्हणाला कीं एक लाल पुठ्ठ्याची वही होती खरी, बाबा तींत रोज कांहीं लिहीत. दिवाळीच्या साफसफाईंत गेली.

मजजवळील अर्ध्या वहीचीं एकशें बारा पानें शिल्लक आहेत. कागद यंत्राचा असल्यामुळें जुन्या हातकागदापेक्षां लौकर पिवळा पडून तुटूं लागला आहे. कडांस मीं पातळ नेपाळी कागद लावून घेतला, आणि खळ पिठाची केली, गोंद वापरला नाहीं. शेऱ्यांच्या रकान्यांतील मराठी मजकूर निराळा उतरवून ठेविला आहे. ‘पाऊस, रूळ खचला’, ‘वाफ कमी, २५ मि.’, ‘बैल आडवा’, ‘पाणी घेतलें’ असे ते शेरे आहेत. ‘वाफ कमी’ हा शेरा उन्हाळ्यापेक्षां पावसाळ्यांत अधिक येतो, बहुधा ओल्या कोळशामुळें. मूळ वही व ही नक्कल दोन्हीही येत्या मार्गशीर्षांत मंडळाच्या ग्रंथालयांत जमा करीत आहें. वहीच्या पहिल्या निम्म्या भागांतील एखादें पान, चिवड्याच्या वा हळदीच्या पुडीच्या रूपानें कां होईना, कोणाच्या घरीं राहिलें असल्यास तें त्याच वहीशेजारीं ठेवतां येईल. रकान्यांची मापें जुळवून पाहावयास सोपीं आहेत.